सीसॉची दुसरी बाजू

खरं वाटो न वाटो. मी स्वतः तिथे उभा होतो.

गेल्या हिवाळ्यातली शुक्रवारची संध्याकाळ. आमची नदीकाठची बाग.

माझी आत्या आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, याच बागेत वाढले. शाळा सुटली की दोघं सीसॉवर. आत्या चौथीत असताना पूर आला. तेव्हा काका सीसॉवरच बसला होता.

तो सापडलाच नाही. बागेतली आणखी कितीतरी पोरंही.

पूर ओसरल्यावर लोकांनी हातांनी गाळ उपसला. सीसॉ मात्र जागचा हलला नव्हता.

आता तिथून रस्ता जाणार होता. बुलडोझर आत आला, तशी आत्या सीसॉच्या एका टोकावर जाऊन बसली. आयुष्यभर बस चालवलेली बाई. अंगानेही भक्कम.

"मावशी, उठा. कामाचा खोळंबा होतोय," मुकादम म्हणाला.

"होऊ दे की!"

"माणसं बोलावून उचलायला लावीन हं."

"लाव. कंबर धरेल त्यांची!"

ड्रायव्हरला हसू आलं. त्याने मशीन बंद केलं.

आणि सगळंच बंद झालं... पाखरं. वारा. नदीसुद्धा.

मग... कर्रर्र.

समोरचं टोक हळूहळू खाली जाऊ लागलं.

त्यावर कोणीच नव्हतं.

आत्याचे पाय जमिनीवरून सुटले. ती वर गेली, आणि वरच राहिली.

"आत्या, उडी मार!" मी ओरडलो.

तिने दांडा आणखी घट्ट धरला. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत.

"बस तसाच," ती रिकाम्या टोकाला म्हणाली. "कोण उठवतो बघू आपल्याला!"

मुकादम पळाला. त्याच्यामागे ड्रायव्हर.

काम अजून बंद आहे. आत्या रोज संध्याकाळी जाऊन बसते.

काल जेवताना मी विचारलं, "काकाच असतो ना गं तिकडे?"

तिचा हात ताटातच थांबला.

"तो काडीपैलवान होता रे. मी लहान असतानासुद्धा त्याला मला उचलता यायचं नाही. पाय टेकून मीच वर ढकलायचे स्वतःला."

"मग आता...?"

"एकट्याचं वजन नाही ते."

तिने घास तोंडात टाकला.

"किती का असेनात. बाग त्यांचीही आहे. मी उठणार नाही."

उद्या ती मला बरोबर नेणार आहे.

म्हणते, आपल्या बाजूला माणूस कमी पडतोय.