ओला बाण

"माझं चकलीचं पीठ कुठं गेलं?" नीलाकाकूंनी फार्महाऊसच्या किचनमधून तिसऱ्यांदा विचारलं.

ओहायोतल्या डब्लिनहून मराठी मंडळाची चार कुटुंबं लाँग वीकएंडला या डोंगराळ भागात आली होती. आज सायकल राइड! तीन खेडी, अठरा मैल, चढउतारच चढउतार आणि फिरून पुन्हा याच दारात. पण बाहेर धुकं इतकं दाटलं होतं, की अंगणातल्या सायकलीसुद्धा दिसत नव्हत्या.

"पुढे फोनला सिग्नल नाही," सुशांतकाका म्हणाले. "पण नो टेन्शन! काल मी प्रत्येक वळणावर रांगोळीचे बाण काढलेत. लाकडी पुलानंतर उजवीकडे. डावीकडे उतारावरचा पूल पुरात वाहून गेलाय."

"मग तिथे बोर्ड लावलाय का?" आरोहीनं विचारलं. बारा वर्षांच्या आरोहीला शंका फार.

"बाण आहे ना! बोर्ड कशाला?"

मनोहरकाकांनी यातलं काहीच ऐकलं नाही. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, रिटायर्ड हार्ट डॉक्टर. वाऱ्यानं शिट्टी वाजते म्हणून सायकलवर बसण्याआधी ते कानातलं मशीन काढून खिशात टाकत. आत्ताही ते खिशातच होतं.

मोठ्यांचा चहा काही संपेना. शेवटी आरोही, तेरा वर्षांचा अक्षत, त्याची धाकटी बहीण इशिता आणि मनोहरकाका असे चौघेच निघाले. पहिल्या खेड्यात चिटपाखरू नव्हतं. पांढरं चर्च, बाजूला वाकड्यातिकड्या दगडांची दफनभूमी, आणि एक झोपाळा, कुणी बसलेलं नसताना, हलत होता.

"दादा, तो का हलतोय?" इशिता कुजबुजली.

"चिल, इट्स जस्ट विंड," अक्षत म्हणाला. पण वारा पडलेला होता, हे त्यालाही कळत होतं.

चढावर काका मागे पडले. "तुम्ही व्हा पुढे, रस्त्यावर बाण दिसतायत मला!" ते ओरडले.

मुलं लाकडी पुलावर आली. या पुलाला घरासारखं छप्पर आणि भिंती होत्या. आत गुडुप अंधार! फळ्या करकरत होत्या. पलीकडच्या टोकाला, छपराखालीच, पांढरा बाण ठळक दिसला. उजवीकडे! मुलं वळली. पाच मिनिटं गेली असतील, तोच धुक्यातून आवाज आला.

टण्... टण्...

आणि पाठोपाठ कुणीतरी म्हाताऱ्या माणसासारखं खोकलं.

"काका आले वाटतं," अक्षत म्हणाला.

"काकांची सायकल अशी वाजत नाही," आरोही म्हणाली. "आणि काका अजून दिसत कसे नाहीत? चला मागे!"

"मागे? त्या आवाजाकडे?" इशिताचा चेहरा पांढराफटक पडला. पण एकटं थांबण्यापेक्षा तिघांनी जाणं बरं, म्हणून तीही निघाली.

पुलाशी येऊन तिघंही थबकली. बाण नव्हता! पीठ नाही, रेघ नाही. कोरड्या फळ्यांवर फक्त बाणाच्या आकाराचा ओला डाग होता. जणू कुणी नुकतंच पुसून गेलं होतं.

"भूत!" इशिता किंचाळली. "भुतानं पुसला!"

आरोही मात्र गुडघ्यावर बसली. तिनं वास घेतला. मग फटीत उरलेली चिमूटभर पूड जिभेवर ठेवली.

"यार, यक्!" अक्षत ओरडला.

"खारट आहे. आणि ओवा! अक्षत, ही रांगोळी नाही. हे नीलाकाकूंचं चकलीचं पीठ आहे!"

टण्! अगदी शेजारून आवाज आला. भिंतीच्या फटीतून एक पिवळा डोळा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्यात बाहुली आडवी होती. मग ओठांवर पीठ माखलेलं तोंड फटीत घुसलं आणि खोकलं.

"शेळी!" तिघंही एकदम ओरडली. पुलाबाहेर कुरणाचं फाटक सताड उघडं होतं. वीसेक शेळ्या धुक्यात इकडेतिकडे फिरत होत्या.

अक्षत हसायला लागला आणि मधेच थांबला. धुळीत एका सायकलची ताजी रेघ उमटली होती. डावीकडे!

"काका! काका!" त्यांनी घसा फोडून हाका मारल्या. पण मशीन खिशात होतं. काका ऐकणार कसे?

"रस्ता डोंगराला मोठा वळसा घालून खाली जातो, मी काल मॅपवर बघितलंय," अक्षत भराभरा म्हणाला. "कुरणातून सरळ उतरलो तर आपण आधी पोचू! बट हाऊ डू वी स्टॉप हिम? धुक्यात आपण दिसणारच नाही."

"तीन माणसं दिसणार नाहीत. पण वीस शेळ्या?" आरोहीनं सॅकमधून विकतच्या चकल्यांचा डबा काढला आणि खडखडवला.

वीस डोकी एकदम वर झाली.

मग मुलं पळाली! पुढे मुलं, मागे शेळ्या, आणि धुक्यात त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा टणटण टणटण नुसता गजर. इशिता दोनदा पडली, पण रडली नाही. खालचं फाटक अक्षतनं उघडलं. डावीकडे, हाकेच्या अंतरावर, रस्ता संपलेला होता. पुढे मोडक्या फळ्या आणि खोल खाली पाण्याचा घोंघाट. आरोही उलट दिशेला, चढाकडे धावत सुटली आणि चकल्यांचे तुकडे रस्ताभर फेकत गेली. आधी एक शेळी, मग तीन, मग अख्खा कळप! सगळा रस्ता शेळ्यांनी भरून गेला.

वरून काकांचं नारिंगी जाकीट आलं, वेगात. पहिली शेळी बघून काकांनी ब्रेक दाबला. दुसऱ्या तिघींना बघून पाय टेकले. सायकल घसरत घसरत कळपाच्या तोंडाशी थांबली.

"अरे, ही काय भानगड?" काका म्हणाले. आरोहीनं त्यांचा हात धरला आणि रस्त्याच्या टोकाशी नेलं. काका खाली बघून दोन पावलं मागे सरकले. आरोहीला आता कुठे रडू आलं.

दुपारी सगळे फार्महाऊसवर परतले तोवर धुकं विरलं होतं. शेळ्यांचा मालक कळप घेऊन गेला, लाकडी पुलाशी बोर्ड लागला, आणि सुशांतकाका मान खाली घालून बसले.

"रांगोळी गॅरेजमध्येच राहिली," ते पुटपुटले. "किचनमध्ये पीठ दिसलं. आणि फोटोसाठी कुरणात गेलो तेव्हा फाटक बहुतेक... मीच."

"मीठ घातलेलं पीठ, आणि शेळ्यांच्या दारात!" नीलाकाकूंनी कपाळावर हात मारला. मग तिघा मुलांना एकदमच जवळ घेतलं. "तुम्ही होतात म्हणून, रे पोरांनो. यंदाची पहिली चकली तुमची."

"आणि चकल्या तळणार सुशांतकाका!" इशितानं जाहीर केलं. सगळे हसले.

मनोहरकाका मात्र हसले नाहीत. "चाळीस वर्षं मी लोकांची छाती ऐकली," ते म्हणाले, "आणि आज तीन मुलं माझ्यासाठी ओरडत होती, ते मला ऐकू आलं नाही." त्यांनी खिशातून मशीन काढलं, कानात नीट बसवलं आणि हेल्मेट उचललं. "आरोही, अर्धी राइड बाकी आहे. तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो. आणि कुठे वळायचं ते ओरडून सांगा बरं का!"

"उजवीकडे, काका!" तिघं अंगणातूनच ओरडली.

"ऐकू आलं!" काका म्हणाले.