देवाचा मेंढा

सन दोन हजार तेवीस, मार्गशीर्षातला दुसरा आठवडा. कांदा लागवडीचे दिवस. म्हस्कू धनगर सकाळच्या एसटीनं घोडेगावहून मंचरला निघाला. रिखबचंद शेठकडून मेंढा परत मागायचा होता.

मेंढा बिरोबाचा. नात ऋतिका तापानं फणफणली तेव्हा म्हस्कू नवस बोलला होता : पोर उठू दे, हा मेंढा तुझा. पोर उठली. पण मेंढ्याचा जीव सोडा म्हणून शेठनं हात जोडले. मेंढा शेठच्या पांजरपोळात गेला, आणि चार माणसांत म्हस्कूच्या खांद्यावर शाल पडली. देवाच्या नावचं देऊन त्यानं स्वतःचा मान करून घेतला.

आता तीन दिवस ऋतिका उंबऱ्यावर मान ताणून पडत होती. ताप नाही, खोकला नाही. उचलून आत नेली की पुन्हा तिथंच. आज तर पाण्याचा घोटही उतरला नव्हता.

"सोडवलेला जीव सुरीखाली कसा देऊ, म्हस्कूभाऊ?" शेठ हळूच म्हणाले. "आमचा देव काही मागत नाही. देतही नाही."

"मग त्याच्याकडं जाता कशाला?"

"त्याच्यासारखं व्हायला."

"तुमचा देव लांबचा, शेठ. आमचा घरातला. त्याचं ताट दुसऱ्याला वाढलं, तर... घरातलंच उचलतो."

शेठनं पुन्हा हात जोडले. म्हस्कू रिकाम्या हातानं परतला.

दुपारी म्हस्कूनं कळपातला दुसरा मेंढा बिरोबाच्या टेकडीवर नेला. रीत अशी, की पाठीवर पाणी आणि भंडारा टाकायचा. अंग थरारलं तर देवानं घेतला. त्यानं पाणी ओतलं. मेंढा दगडासारखा उभा. पुन्हा ओतलं. वारा पडला. गळ्यातली घंटाही हलेना. ओल्या लोकरीचा वास तेवढा दाटत गेला.

"चुकलो, देवा..."

जन्मात तो हे कुणाला म्हणाला नव्हता.

त्यानं मेंढा हाकलून दिला. पैरण काढली. देवापुढं गुडघे-हात टेकून ओणवा झाला आणि उरलेलं पाणी, उरलेला भंडारा स्वतःच्या पाठीवर घेतला.

बराच वेळ काही नाही. मग मानेपासून कमरेपर्यंत कातडी आपोआप थरारली.

पैरणीच्या खिशात फोन वाजला. बायको, बानूबाई.

"अवं, पोरगी उठून बसली! भाकर मागती. तुमी कुठं हाय?"

"देवापाशी."

"कवा येताय?"

म्हस्कूनं फोन बंद केला. समोरच्या बळीच्या दगडावर मान ताणून ठेवली. एवढ्या थंडीत दगड कोमट होता.

देणं फिटलं.