मागच्या पायडलवर

उद्या खाडीवरच्या सायकलवाटेनं जायचं ठरलंय म्हणे तुमचं. जा की, मी कोण अडवणारा! वाट झकास आहे. एकीकडे पाणी, दुसरीकडे गवताळ दलदल, मधून बांध आणि बांधावर गुळगुळीत डांबर. दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवलेत, त्यामुळे मोटार सोडाच, हातगाडीसुद्धा आत शिरत नाही. ना हॉर्न, ना धूर. पण तिथे काही बरंवाईट झालं तर मदतीलाही कुणी येत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि तो मोबाईल उलटा ठेव रे, डोळ्यावर उजेड येतो.

वाटेच्या तोंडाशी सायकली भाड्यानं द्यायचं दुकान आहे ना, तिथले मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीचे. हे त्यांच्यावर गुदरलेलं आहे. थापा मारायचा त्यांचा स्वभाव नाही, आणि मला तर मीठमसाला लावता येतच नाही. हसू नका.

शनिवार होता, अमावस्या, थंडीचे दिवस. कुणी दोघं जण जोडसायकल घेऊन पार खाडीच्या मुखापर्यंत गेले, तिथे चाक पंक्चर झालं, तर धक्क्यावरच्या निवाऱ्यात ती टाकून बसनं पसार झाले. रविवारी सकाळी तीच सायकल दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायची होती, म्हणून मालकांनी मिस्त्रींना पिटाळलं. जोडसायकल पाहिलीय ना? दोन सीटं, पायडलच्या दोन जोड्या, पण दोन्ही जोड्या एका चेननं बांधलेल्या. पुढच्यानं पाय फिरवला की मागच्याचा फिरतो, मागच्यानं फिरवला की पुढच्याचा. एकट्यानं ओढायची म्हणजे जीव निघतो. दुकानातला गडी रजेवर होता. तेव्हा वहिनी म्हणाल्या, म्हणजे मिस्त्रींची बायको, की मी येते मागे बसायला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पंक्चर सायकलवरून का होईना, फिरायला तरी न्याल. मिस्त्रींनी हात टेकले.

लांबच्या रस्त्यानं बसनं जाईपर्यंत दिवस कलला. पंक्चर काढता काढता अंधार झाला. मिस्त्रींना भरतीची वेळ ठाऊक होती. मध्येच बांध तुटतो, तिथे एक फरशी आहे, म्हणजे सखल, बिनकठड्याचा पूल. कडेला नुसते खुणेचे खांब. भरतीला फरशी पाण्याखाली जाते, आणि अमावस्येला तर माणूस बुडेल इतकं पाणी चढतं. नऊच्या आत ती ओलांडायची, एवढाच हिशेब होता. वहिनी मागे बसून भाजीपासून नणंदेपर्यंत सगळ्यांचा समाचार घेत होत्या, मिस्त्री हूं हूं करत होते. मजेत चाललं होतं.

फरशीपाशी पोचले तेव्हा साडेआठ झाले होते. शेवाळ ओलं, सायकल घसरायला लागली. वहिनी उतरल्या. म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी खांब धरत चालत येते, पलीकडे थांबा. मग जरा दबक्या आवाजात म्हणाल्या, "ती बाई इथेच ना हो?"

मिस्त्रींनी त्यांना गप्प केलं. पण ते खरं होतं. आदल्या वर्षी एक जोडपं असंच फरशीपर्यंत आलं होतं. बायको चालायला उतरली. नवरा पुढे गेला, पाणी वाढताना बघून घाबरला आणि तिला तिथेच टाकून गाव गाठलं त्यानं. ती सापडली तिसऱ्या दिवशी, चिखलात. खांबाला धरून धरून बोटांची सालं गेली होती. खांबाच्या लाकडावर नखांचे ओरखडे होते, खाली गुडघ्यापासून वर डोक्यापर्यंत. पाणी जसं चढलं, तशी ती चढली होती.

मिस्त्री पलीकडे पोचले आणि थांबले. एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर. दिवा पुढे, त्यामुळे मागे काळोख. थोड्या वेळानं मागचं सीट करकरलं. सायकल दबली. मागच्यानं नीट बसल्यावर पायडल जरासं मागे दाबायचं, ही खूण दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना शिकवतात. तशी खूण आली. मिस्त्रींनी दुसरा पाय ठेवला, पायडलचे चामडी पट्टे पावलांवर आवळले आणि निघाले.

वळून का नाही बघितलं म्हणतेस? अगं, जोडसायकलवर वळून बघायचंच नसतं, तोल जातो. मागे माणूस आहे की नाही ते पायडल सांगतं. हेच ते आयुष्यभर लोकांना शिकवत आले.

तर निघाले. आणि सायकल कधी नव्हे ती पळायला लागली. मिस्त्रींना कौतुक वाटलं. आज भलताच जोर आलाय म्हणून त्यांनी चेष्टा केली. मागून उत्तर नाही. नणंद संपली का, विचारलं. उत्तर नाही. दमली असेल, म्हणून त्यांनीही सोडून दिलं.

मग पाठीवर पाणी पडलं. थेंब. परत थेंब. शर्ट मानेपासून ओला व्हायला लागला. बर्फासारखं गार पाणी, आणि त्याला चिखलाचा वास.

तेवढ्यात लांबून हाक आली. मागून. फरशीवरून.

"अहो... थांबा ना... माझा पाय अडकलाय..."

वहिनींचा आवाज.

बायको तिथे. फरशीवर. पाणी चढतंय. मग इथे...

त्यांनी पाय थांबवले. पाय थांबले नाहीत. पायडल फिरतच राहिलं, पट्ट्यात आवळलेले पाय घेऊन. गुडघे फटाफट वर-खाली. त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. रबर जळाल्याचा वास आला... आणि केबल तुटली. दोन हात मागून कमरेला विळखा घालून आले. ओले. बोटांना सालं नव्हती.

कानाशी आवाज आला. "चला... थांबू नका... पाणी येतंय..."

ऐकताय ना? तिला मिस्त्रींचा जीव नको होता. तिला फक्त गावाला पोचायचं होतं. पण मागे त्यांची बायको बुडत होती, आणि ही त्यांना फिरू देत नव्हती.

मिस्त्रींनी कोपर मागे हाणलं. मऊ काहीतरी लागलं, आत गेलं. परत हाणलं. विळखा आणखी आवळला, बरगडी कडकन वाजली. मागून हाक आली, या वेळी शब्द नाहीत, नुसतं ओरडणं. त्यांनी खिशातला पाना काढला, खाली वाकून चेनमध्ये घातला. चेननं तो गरकन उडवला. आता हातात काही नव्हतं. हातच होता.

डावा हात घातला त्यांनी. चेन आणि दात्यांच्या मध्ये.

...

दोन बोटं गेली. पण चेन अडकली. सायकल उभी झाली, उलटली, मिस्त्री डांबरावर तोंडावर आपटले. एक बूट पट्ट्यातच राहिला, दुसरा पट्टा तुटला. ते उठले, फरशीकडे धावले. चार पावलं. मागून वजन येऊन आदळलं. केसांना धरून तिनं त्यांना गावाच्या दिशेनं ओढलं. खरंच ओढलं, गुरासारखं, डांबरावरून, कातडं सोलत. "चला... चला..." त्यांनी लाथा घातल्या. सायकलचा पंप हाताला लागला, त्यानं ते मारत सुटले. डोक्यावर. तोंडावर. हाड फुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला. तेव्हा तिनं खांद्यात दात रुतवले. पार हाडापर्यंत.

मिस्त्री किंचाळले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "बाई, मला माझ्या बायकोला आणू दे. मी तुझ्या नवऱ्यासारखा नाही."

...

दात सुटले नाहीत. त्यांनी अंग ओढून घेतलं. मांस फाटलं. आणि ते सुटले.

फरशीवर पाणी छातीपर्यंत आलं होतं. वहिनींचा पाय दगडांच्या फटीत अडकलेला, खांबाला मिठी, हनुवटी पाण्यावर. मिस्त्रींनी बुडी मारली, उरलेल्या बोटांनी दगड ओरबाडला. दोन वेळा बुडी मारली. तिसऱ्यांदा पाय सुटला. कसे बाहेर आले ते दोघांनाही सांगता येत नाही. बांधावर पडून वहिनी रडत होत्या, आणि रडता रडता मिस्त्रींच्या छातीवर मुठी मारत होत्या, की एवढं ओरडत होते तरी पुढे गेलात कसे, मला टाकून गेलात कसे. मिस्त्रींनी मारू दिलं; मला सांगताना म्हणाले, त्या मुठी गरम होत्या.

मग सरपटत, एकमेकांना धरून, पहाटे वाटेच्या टोकाला, लोखंडी खांबांपाशी पोचले. तिथून लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाई होत्या, नव्या आलेल्या, कडक. त्यांनी बोटांची थोटकं शिवली. मग खांदा पाहिला आणि चमकल्या. कुत्रा नाही हा, म्हणाल्या, माणसाचा चावा आहे. तिथे दुसरं कोण होतं? मिस्त्रींनी नजर चुकवली. डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. ओले केस, फाटलेली साडी, नवऱ्याच्या छातीवर मुठींचे वळ. डॉक्टरांना जे वाटायचं ते वाटलं. रोज असली भांडणं शिवायची त्यांना सवय असणार.

जखम धुताना चिमटा कशाला तरी अडला. डॉक्टरांनी ओढलं. निघेना. जोर लावून ओढलं, आणि ते ट्रेमध्ये टण्णकन पडलं.

दात होता. पुढचा. मुळासकट.

डॉक्टरांनी पुन्हा वहिनींकडे पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ.

वहिनी उठल्या. लंगडत दिव्याखाली आल्या. आणि त्यांनी आ केला.

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. वरचे... खालचे...

सगळे दात जागच्या जागी होते.