उतारावरची शार्डोने आणि परवाचं स्थळ

आपण चुकीच्या हॉलमध्ये शिरलोय हे त्रिवेणीला कळलं, तेव्हा तिच्या हातात पेला आलासुद्धा होता. बँकेतल्या मैत्रिणीचा निरोप समारंभ शेजारच्या हॉलमध्ये होता. इथे वाइनची चव चाखणं चाललं होतं. परत फिरावं... पण पेला देणारा असा काही मोकळा हसला की तिचा पाय निघेना.

"शार्डोने. नाशिककडच्या डोंगरउतारावरची," तो म्हणाला. "मी मंदार, पुण्याचा. घोट घ्या आणि काय लागतं ते सांगा."

"हिरवं सफरचंद... मग मोसंबी..." तिने डोळे मिटले. "आणि शेवटी—हसू नका हां—आमचं हैदराबादी उस्मानिया बिस्किट!"

तो हसलाच. "लाकडी पिंपात मुरली की लोण्यासारखी लागते, असं आम्ही सांगतो. पण बिस्किट जास्त बरंय!"

"आणि ही आंबट धार?"

"ती उताराची. वर रात्री गार, पाणी वाहून जातं. द्राक्षं सावकाश पिकतात, थोडा आंबटपणा राखून. सपाटीवरची लवकर गोड होतात."

"मग मी उतारावरचीच. पटकन गोड नाही होत मी!"

"ते दिसतंय," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघता बघता त्याने पुढच्या पाहुण्याची वाइन मेजावर ओतली.

मंदारचा मुक्काम महिनाभराचा होता. हैदराबादच्या बरकतपुऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरातल्या त्रिवेणीने त्याला गाव दाखवायचं मनावर घेतलं. खरं तर गाव हे निमित्त. त्याच्या वाइन कंपनीला हैदराबादेत कायमचा माणूस हवा होता, आणि मंदार हो म्हणायच्या बेतात होता. तिने देवाला एवढंच मागितलं होतं.

एका संध्याकाळी चहा घेताना त्याने चाचरत विचारलं, "घरचे... लग्नाचं बघत असतील ना तुमच्या?"

जरा चिडवावं म्हणून ती म्हणाली, "हौ! परवाच एक स्थळ आलं होतं. डॉक्टर. आईला लई पसंत."

मंदारने चहा अर्धाच ठेवला. मग त्याचे फोन कमी झाले, भेटी टळल्या, आणि शेवटी निरोप आला : कंपनीला नकार कळवतोय, उद्या निघतो. त्रिवेणी तडक रिक्षा करून त्याच्या हॉटेलवर गेली. तो खाली लॉबीतच भेटला.

"भेटल्याबिगर चाललात? कायकू? काय केलं मी?"

"तुम्ही काही नाही केलं. पण परवा आलेलं स्थळ, आईंना पसंत... मध्ये मी कशाला लुडबूड करू?"

तिने कपाळावर हात मारला. "अहो, ते परवाचं स्थळ दोन वर्षांखालचं! मीच नक्को म्हटलं. त्याला आता लेकरू पण झालं!"

"दोन वर्षांपूर्वीच्याला परवा म्हणतात?"

"आमच्यात म्हणतात! काल नसलं की परवा. निजाम पण परवाच गेले आमचे!"

तो इतका हसला की काउंटरवरचा माणूस वळून बघू लागला. पण हसू ओसरलं, आणि दोघंही घुटमळले. हा गेला तर आपल्याला करमणार नाही, एवढंच त्रिवेणीला कळत होतं. मग तेच सांगावं.

"नाही करमणार मला," ती हळूच म्हणाली. "फार आवडतोस तू... राहा ना इथेच."

मंदारचे कान लाल झाले. "पुन्हा म्हण."

"काय? राहा?"

"नाही... तू."

तिने म्हटलं. मंदारने तिचा हात हातात घेतला आणि तिच्यासमोरच कंपनीला फोन लावला. पलीकडून कोणी काय विचारलं देव जाणे. हा मात्र तिच्याकडे बघत नुसता "हो, हो" म्हणत राहिला.