महिरपी कंसातली आई

नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं, आणि हे दोन्ही अर्थांनी खरं होतं. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे माहिती भरून ठेवायच्या प्रत्येक डब्याला, नाव लागतं. कोणी डब्याला नुसतं ‘क्ष’ म्हटलेलं दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. "डब्यावर साखर लिहा नाहीतर मीठ लिहा, पण ‘पांढरं काहीतरी’ लिहू नका," असं ती सुनवायची. निरोपाच्या शेवटी पूर्णविराम देणारीही ती एकटीच. सगळे तिला तोंडावर ताई म्हणत आणि मागे हेडबाई.

त्या दुपारी ती ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीला शिकवत होती. तिचं नाव सगळ्यांनी नवखी पाडलं होतं. काम एका शाळेच्या वेबसाइटचं. फाइल सगळ्यांची मिळून एक, एकाने केलेला बदल दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसायचा. नवखीचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं, की एकच नाव दोनदा कसं चालतं?

ताईने फाइलच्या तळाशी उदाहरण लिहिलं. वर एक ‘आई’. त्याखाली ‘घर’ नावाचं फंक्शन, म्हणजे एका कामाच्या सूचनांचा गठ्ठा, त्याचे महिरपी कंस, आणि त्या कंसांच्या आत आणखी एक ‘आई’.

"हे कंस म्हणजे भिंती समज. आतून कोणी आईला हाक मारली की कंप्युटर आधी घरात बघतो. तिथे सापडली की बाहेर बघायला जातच नाही."

"मग बाहेरचीचं काय होतं?"

"काय व्हायचंय? असते की. फक्त आतून दिसत नाही."

"बिचारी," नवखी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

तेवढ्यात साहेबांनी घाई लावली. शाळेला साइट आजच हवी होती. उदाहरण पुसायचं राहिलं आणि फाइल तशीच साइटवर चालू झाली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर ताईने त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. पण तिचं लक्ष आज घरी होतं. लेकीचा पुढचा दात नुसता लोंबत होता, आणि "तू असशील तेव्हाच पाडणार" असं सकाळी दोघींचं ठरलं होतं.

घरी पोचली तर किल्ली पर्सच्या तळाशी. तिने बेल वाजवली. नवऱ्याने दार उघडलं, तिच्या डोक्यावरून जिन्याकडे पाहिलं, मग लिफ्टकडे.

"कोण आहे बाबा?" आतून लेकीने विचारलं.

"कोणी नाही गं."

दार बंद झालं. ती हसली. नवऱ्याला असल्या चेष्टा सुचायच्या आणि त्या तो फार वेळ ताणायचा. किल्ली शोधून ती आत शिरली. तो सोफ्यावर जाऊन बसलाही होता. लेक मोकळ्या केसांनी टेबलाशी गणितं सोडवत होती.

"दाखव बघू दात," ती म्हणाली.

लेकीने मान वर केली आणि स्वयंपाकघराकडे बघून उत्तर दिलं, "हलतोय फक्त. तू ये ना!"

आत कोणीतरी नळ बंद केला.

ती स्वयंपाकघरात गेली. तिथे कोणी नव्हतं. मंद आचेवर दूध होतं. खिळ्याला अडकवलेला तिचा ॲप्रन हलत होता. ओट्यावर तिच्याच कपात अर्धा चहा होता, बशीने झाकलेला. अर्धा चहा झाकून ठेवायची सवय या घरात तिच्याशिवाय कोणालाच नव्हती. तिने कपाला हात लावला. कप गरम होता.

बाहेर लेक खिदळली, गुदगुल्या केल्यावर खिदळते तशी. ती धावत आली. लेक एकटीच होती. पण तिच्या केसांची वेणी घातलेली होती, घट्ट आणि थोडी डावीकडे झुकलेली. ताईच्या हातची वेणी अशीच झुकायची.

तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. लेकीने अंग चोरलं.

"आई, पंखा कमी कर ना."

भिंतीवरचं बटण खट्‌कन फिरलं, आणि पंखा मंदावला.

ती तशीच बाहेर जिन्यापाशी आली. शेजारच्या काकू कचऱ्याची बादली घेऊन निघाल्या होत्या.

"काय ताई, चेहरा का असा उतरलाय?"

काकूंना बघून इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. "काकू, आमच्याकडे कोणी आलंय का हो?"

"नाही बाई. तुम्हीच तर दिसताय मघापासून खिडकीत." काकू खाली उतरल्या.

बाहेर ती होती. फक्त आतून दिसत नव्हती.

हे वाक्य आपण आज कुठे म्हटलं, ते तिला आठवायला वेळ लागला नाही. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांची तिने आयुष्यभर टर उडवली होती. तरी ती आत आली, दार लोटलं, झोपायच्या खोलीत बसून लॅपटॉप उघडला आणि फाइलच्या तळाशी गेली. आतली ‘आई’ पुसायची, बस्स.

उदाहरण तिथेच होतं. पण त्यात आता एकच ‘आई’ होती.

कंसांच्या आतली.

वरची ओळ पुसलेली होती. बदल कोणी केला, या रकान्यात तिचंच नाव होतं.

तिने ती ओळ पुन्हा लिहायला घेतली. ती लिहीत होती तसतशी मागून अक्षरं पुसली जात होती, सावकाश, एकेक. पलीकडून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कीबोर्डवर चालावीत तशी बोटं टकटकत असल्याचा आवाज येत होता.

ती उठून बाहेरच्या दाराकडे पळाली आणि दार सताड उघडलं. काकू रिकामी बादली घेऊन वर येत होत्या.

"काकू!"

काकूंनी तिच्या आरपार दिवाणखान्यात पाहिलं. "अहो, दार उघडं टाकलंत की!" त्या आत हाक देऊन म्हणाल्या, आणि वाकून त्यांनी दार ओढून घेतलं.

तिने कडी फिरवून पाहिली. कडी हलली नाही. तिने दोन्ही हातांनी दार ओढलं, ठोकलं. नवऱ्याने मानही वळवली नाही.

ती लॅपटॉपकडे परतली. एकच उपाय उरला होता. आतली ओळ पुसायची. तिने कर्सर तिथे नेला, बोट बटणावर ठेवलं. आणि मग तिला कळलं, की बाहेरची आता नाहीच. आतलीही गेली, तर घरातून कोणी आईला हाक मारली की कंप्युटरला ती कुठेच सापडणार नाही.

"आई! पडला! पडला!"

लेक टेबलावरून उठून स्वयंपाकघरात पळत गेल्याचं तिला ऐकू आलं. मग तिचं हसणं, आणि खळखळून भरलेली चूळ.

ओळ एवढीशी होती. तिने बोट उचललं, आणि तोंडावर हात दाबून ती रडली. तसा हात दाबायची काही गरज नव्हती.

पडद्याच्या कोपऱ्यात नवखीचा निरोप आला. ‘ताई बाहेरची आई तुम्ही काढलीत का? काढली तरी सगळं नीट चालतंय’

स्वयंपाकघरात टकटक झाली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. निरोपाखाली, तिच्या नावाने, उत्तर उमटलं.

‘हो गं. वापरात नव्हती.’

शेवटी पूर्णविराम होता.