ज्याचे त्याचे छत

त्या रविवारी श्रीधर निकमचे छत साडेचारशे मीटरवर होते आणि त्याच्या पत्नीचे, मृणालचे, एकशेवीसवर. दोघे कारवीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, दरीच्या कडेला, शेजारी शेजारी उभे होते. दोघांच्या हातांत एकाच बनावटीचे रिमोट होते, आणि वर उडणारी दोन्ही ग्लायडर त्यांनी मागच्या पावसाळ्यात जेवणाच्या टेबलावर, एकाच लाकडातून तासून बनवली होती. तरीही श्रीधरचे पांढरे ग्लायडर ठिपक्याएवढे होऊन शांतपणे गोल फिरत होते, तर मृणालचे लाल ग्लायडर जरा वर चढले की त्याच्या पंखांतल्या रोधक पट्ट्या आपोआप उघडत आणि ते पत्र्याला डोके आपटल्यासारखे खाली येई.

“खाली हवा कशी आहे?” श्रीधरने मान वर ठेवूनच विचारले.

“बोल, बोल. वरचा मजला मिळालाय तुला.”

ग्लायडरला इंजिन नसते. ते वर जाते ते केवळ वर जाणाऱ्या हवेच्या आधाराने. वारा कड्यावर आदळून वर वळतो, किंवा उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा खांब उठतो; असा खांब सापडला की त्याच्या आत गोल गोल फिरत राहायचे. या छंदाला कित्येक वर्षे एकच नियम होता: जमिनीपासून एकशेवीस मीटर, सर्वांना सारखा. पुढे आकाशात गर्दी झाली. दवाखान्यांना औषधे पोचवणारे वाहक, सामानाचे वाहक, चार माणसांच्या हवाई टॅक्सी. तेव्हा सगळ्यांसाठी एक छत ही पद्धत मोडीत निघाली आणि ज्याचे त्याचे छत आले. ते आकाशनियोजन केंद्राचे यंत्र ठरवी, क्षणाक्षणाला, आणि प्रत्येकाच्या रिमोटवर दाखवी.

मृणाल कराडला दातांची डॉक्टर होती. कारवीच्या सड्यावरच्या ग्लायडर क्लबात तिच्याइतका सराईत हात कुणाचा नव्हता. श्रीधरला उडवायला शिकवले तेही तिनेच. तिची एकच इच्छा होती. समोरची दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावरच्या पांढऱ्या देवळाला वळसा घालायचा आणि ग्लायडर परत हातात घ्यायचे. पलीकडच्या उतारावर वारा वरून खाली येतो, तिथे आधार मिळत नाही. त्यामुळे जाण्यायेण्याची सगळी उंची अलीकडेच जमवून निघावे लागते, आणि ती एकशेवीस मीटरांत जमत नाही. नव्या नियमाने ते प्रथमच शक्य झाले होते, पण ज्याला शक्य होते तो श्रीधर म्हणत असे, “माझं पलीकडे काय काम आहे?”

त्या दिवशी सड्यावर डॉ. यास्मिन मुलाणी आल्या होत्या. छत ठरवण्यामागचे गणित ज्यांनी मांडले त्यांच्यापैकी त्या एक. क्लबाच्या तक्रारींवरून केंद्राने त्यांना पाहणीसाठी पाठवले होते. मृणालने ग्लायडर उतरवले, भडंगाचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला आणि सरळच विचारले, “तुमच्या यंत्राला माझं काय खटकतं?”

“काहीच नाही. तुम्ही त्याला कळत नाही, एवढंच,” डॉ. मुलाणी म्हणाल्या. “गल्लीतून समोरून म्हैस आली तर तुम्ही किती सरकता?”

“वीतभर.”

“आणि वासरू उधळत आलं तर?”

“मी कुणाच्यातरी ओट्यावर चढेन.”

“वासरू तर म्हशीपेक्षा लहान.”

“पण ते कुठं जाईल याचा नेम नाही.”

“तेच तर. पुढच्या अर्ध्या मिनिटात एखादं विमान जिथं जिथं असू शकतं, त्या सगळ्या जागा एकत्र केल्या तर त्याच्याभोवती एक फुगा तयार होतो. आम्ही त्याला संभवघेर म्हणतो. तुमची मागची उड्डाणं, बोटांची हालचाल, वारा, आसपासचे पक्षी, हे सगळं पाहून यंत्र तो काढतं. माणूस काय करेल हे जितकं नक्की, तितका घेर लहान. लहान घेर गर्दीतही मावतो, म्हणून त्याला वर सोडता येतं. मोठा घेर खालीच ठेवावा लागतो.”

क्लबचे अध्यक्ष तात्या फाळके हे सगळे ऐकत होते. पाटणला त्यांचे औषधांचे दुकान होते आणि सड्यावर थट्टेचे. “श्रीधर,” ते म्हणाले, “अभिनंदन. शास्त्रानं तुला म्हैस ठरवलंय.”

“दूध तेवढं मागू नका, तात्या,” श्रीधर म्हणाला आणि आपले वर्तुळ तसेच चालू ठेवले.

मृणालला हसू आले, पण तिचा मुद्दा सुटला नाही. “म्हणजे बघा, ज्याला वर जाऊन काही करायचं नाही, त्यालाच वर जायची मुभा. आणि मला दरीपार जायचंय तर मी मुळात कुठं जाणारच नाही अशी वाटायला हवी.”

“जाणार आहात असं वाटलं तरी चालेल,” डॉ. मुलाणी म्हणाल्या. “फक्त ते आधी वाटायला हवं.”

त्या हिवाळ्यात मृणालने स्वतःचा हात बदलायला घेतला. शिकवणी श्रीधरची.

“डावीकडे काय बघतेस?”

“तिथं हवा उठतेय. गवत हललं.”

“हलू दे. आपलं वर्तुळ पुरं कर.”

“कंटाळा नाही येत तुला?”

“येतो की. पण बरा असतो तो.”

ती वर्तुळे पुरी करू लागली. एकसारखी, डावीकडून उजवीकडे, ठरलेल्या कलाने. छत दोनशेवर गेले, मग तीनशेवर. तिचे पाहून इतरही तसेच उडवू लागले, आणि एकेकाळी पतंगांच्या जत्रेसारखा दिसणारा सड्यावरचा रविवार कवायतीसारखा दिसू लागला. तात्यांना ते बघवेना. त्यांचे खरे दुःख घारीच्या मानाचे होते.

घारीचा मान ही त्या क्लबाची जुनी रीत. गरम हवेचा खांब माणसाआधी घारीला कळतो. म्हणून घार फिरताना दिसली की तिच्या खालून त्या खांबात शिरायचे, ती ज्या अंगाने फिरते त्याच अंगाने फिरायचे आणि तिच्या वर कधी जायचे नाही. जो वर जाईल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पण घारीमागे धावणे म्हणजे वर्तुळ मोडणे, आणि वर्तुळ मोडले की छत खाली येणार. त्यामुळे घारी फिरत राहिल्या आणि माणसे त्यांच्याकडे पाहीनाशी झाली. “कुणी मान मोडत नाही आता,” तात्या म्हणत, “कारण कुणी देतच नाही. माझा चहा बुडाला.”

मार्चमध्ये मृणालचे छत साडेचारशे झाले. पुढच्या स्वच्छ रविवारी तिने दरीपारचा मार्ग आधीच केंद्राला कळवला. डॉ. मुलाणीही मुद्दाम आल्या. श्रीधरने आपले पांढरे ग्लायडर साडेचारशेवर नेऊन ठेवले. वर आधार आहे की नाही हे त्याच्याकडे पाहून कळावे म्हणून. मृणालच्या लाल ग्लायडरने त्याच्या शेजारी उंची जमवली आणि नाक पश्चिमेकडे केले.

जाणे सोपे गेले. दुर्बिणीतून तात्या बोलत होते, “चाललंय... चाललंय... देऊळ आलं. वळलं.” लाल पंख देवळाच्या कळसाला वळसा घालून उन्हात एकदा चमकला आणि परत फिरला.

परतीची वाट जराशी बाजूने, धरणाच्या पाण्यावरून होती. थंड पाण्यावरची हवा खाली बसते आणि तिच्याबरोबर ग्लायडरही. रिमोटवरची उंची झपाट्याने उतरू लागली. मृणालने मनात हिशेब केला. सरळ येत राहिले तर ग्लायडर सड्याच्या कड्याखाली, कातळावर आदळणार होते. कळवलेला मार्ग मात्र सरळच होता.

“आलं तर येईल,” श्रीधर हळूच म्हणाला. “सरळ राहा.”

त्याच वेळी डावीकडे, वणव्याने काळ्या पडलेल्या उतारावर, तिला एक घार दिसली. पंख न हलवता ती वर वर चढत होती. काळी जमीन तापते. तिथे खांब असणारच. पण तिकडे वळायचे म्हणजे घेर फुगणार, छत कोसळणार, पट्ट्या उघडणार आणि ग्लायडर पाण्यात जाणार. मृणालने हे सगळे जाणले, आणि तिच्या अंगठ्याने ग्लायडर डावीकडे टाकले.

पट्ट्या उघडल्या नाहीत.

लाल ग्लायडर घारीच्या खालून खांबात शिरले, तिच्याच अंगाने फिरले आणि उचलले गेले. पुरेशी उंची होताच मृणालने घारीच्या वर जाण्याआधीच वर्तुळ सोडले आणि सड्याकडे नाक वळवले. थोड्याच वेळात तिने ग्लायडर हवेतल्या हवेत, त्याच्या पोटाखाली दोन्ही हात धरून, झेलले. सड्यावर सगळे धावले. तात्यांनी टोपी उडवली आणि ती दरीत गेली.

आणि वर साडेचारशे मीटरवर श्रीधरच्या ग्लायडरने कोलांटी मारली.

क्लबात कुणी ती कधी पाहिली नव्हती. पांढरे ग्लायडर नाक खाली करून सुटले, मग पोट आभाळाला दाखवत पूर्ण उलटे झाले, आणि सरळ होते न होते तोच दुसरी कोलांटी. श्रीधरच्या तोंडाचा आ वासलेला होता. जणू कोलांटी दुसऱ्याच कुणीतरी मारली होती. त्याच्या रिमोटने सूचना दिली, पट्ट्या उघडल्या आणि ग्लायडर मुकाट खाली येऊ लागले.

“छत एकशेवीस,” श्रीधरने वाचले आणि मोठ्याने हसला.

गडबड ओसरल्यावर मृणाल डॉ. मुलाणींच्या शेजारी बसली. “माझा घेर फुगायला हवा होता. मी तर मार्ग सोडला. यंत्र चुकलं का?”

डॉ. मुलाणींनी उड्डाणाची नोंद आपल्या पडद्यावर पुन्हा चालवली. लाल ठिपका पाण्यावर होता, त्याच्याभोवती फिकट निळा घेर. ठिपका सरळ येत होता. आणि तो सरळ येत असतानाच घेराला डाव्या अंगाला एक टोक फुटले, चोचीसारखे, आणि ते काळ्या उताराकडे वाढत गेले. त्यानंतर बऱ्याच वेळाने ठिपका वळला आणि नेमका त्या चोचीत शिरला.

“तिकडून दोन औषधवाहक येत होते,” डॉ. मुलाणी म्हणाल्या. “ते आधीच बाजूला घेतले गेले होते.”

“मी शेवटच्या क्षणी ठरवलं.”

“तुम्हाला तसं वाटलं असणार.”

“पण मी इतके महिने एकदाही घारीमागे गेले नाही. मग त्याला कळलं कसं?”

“गेला नाहीत म्हणूनच.” डॉ. मुलाणींनी शब्द जपून निवडले. “आधी तुम्ही इतकं करत होता की वारा कुठला आणि तुम्ही कुठल्या हे वेगळं करता येत नव्हतं. मग तुम्ही हात स्थिर केलात. तरी दर वेळी घार दिसली की अंगठा केसभर दबायचा आणि परत यायचा. स्थिर पाण्यात मासोळी हलली तरी दिसते ना, तसं. तुम्ही जे जे करायचं टाळलंत, ते सगळं त्यानं शिकून घेतलं.”

मृणालने आपल्या अंगठ्याकडे पाहिले. “मग माझं छत?”

“वाढलंय. सहाशे. या सड्यावर इतकं कुणाचंच नाही.”

“आणि श्रीधर?”

डॉ. मुलाणी हसल्या. “त्यांचं अवघड आहे. ते आजवर वाकडे गेले नाहीत, तसा मोहही झाला नाही त्यांना. त्यामुळे एकदा वाकडे गेल्यावर पुढं काय करतील, याचा यंत्राकडे एकही नमुना नाही. बराच काळ खालीच राहतील ते.”

श्रीधरला ही बातमी पदवीसारखी वाटली. त्याने ग्लायडर पुन्हा हवेत फेकले आणि एकशेवीस मीटरांच्या आत जे जे करता येईल ते करायला घेतले. तात्या बाजूला उभे राहून दाद देत होते आणि मध्येच डोके वाचवत होते.

“मृणाल,” तो ओरडला, “आता मी काय करणार सांग बघू.”

तिने त्याच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात तिला याचे उत्तर नेहमी येत असे. आज येत नव्हते, आणि तो मात्र विलक्षण आनंदात दिसत होता.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

मग तिने आपले ग्लायडर सोडले. हवा उत्तम होती आणि ते थेट सहाशेवर गेले. तिथून दरी, देऊळ, धरण, सगळे तिचे होते. तिने रिमोटच्या पडद्यावर आपला घेर उघडला; मुठीत मावेलसा तो दिसत होता. अचानक उजवीकडे वळायचे असे तिने ठरवले. उजवीकडे चोच आलेली होती. मग मुद्दाम उलट, डावीकडे. तिकडेही एक होती, थोडी लहान. मग दोन्ही अंगठे न हलवता ती थांबली, तसा घेर सगळ्या बाजूंनी मिटत आला. तिचे थांबणेही त्यात होते.

पूर्वेकडून एक औषधवाहक आला. पूर्वी असे वाहक ग्लायडर दिसले की दुरून वळसा घेत. हा आपल्या वाटेने सरळ आला, लाल पंखाच्या टोकाजवळून गेला आणि त्याने वेग जरासुद्धा कमी केला नाही. पुढे कुठे वळायचे हे मृणालचे अजून ठरायचे होते.