शेपटीचा वाटा

कंदील जरा बारीक करा. रॉकेल महाग आहे, आणि या गोष्टीला उजेड लागत नाही.

पाटण रस्त्याला नदीच्या अंगाचं शेवटचं घर आहे ना, आकाराम हवालदाराचं, तिथं घडलेली ही गोष्ट. तुम्ही म्हणाल, तो आकाराम? पारावर बसून कुणाशी अवाक्षर बोलत नाही तो? तोच. सहा वर्षांपूर्वी तो बोलायचा. इतका बोलायचा की लोक वाट बदलून जायचे. पलटणीतून पेन्शन घेऊन आला तो जगाला नावं ठेवायचं काम पूर्णवेळ पत्करूनच. सरपंच बिनडोक, शेजाऱ्याचा ऊस किडका, कराडचे डॉक्टर कंपाउंडरच्या लायकीचे. देवाबद्दल त्याची तक्रार एवढीच होती की त्याला कवायत येत नाही.

एका माणसाला मात्र त्यानं कधी नावं ठेवली नाहीत. ती त्याची आई, बायडाबाई.

त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरात बायडाबाईनं अन्न सोडलं. दुखणं असं काही नव्हतं. म्हातारी नुसती खाटेवर पडून राहिली आणि पुढ्यातलं ताट हातानं बाजूला सारू लागली. सुनेनं, रंगुबाईनं, पेज केली, हुलग्याचं माडगं केलं, दुधात भाकरी कुस्करली. म्हातारी म्हणाली, "बांगडा असंल तर दोन घास खाईन बघ."

कराडच्या बाजारातून सुका बांगडा आणला. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"वला पायजे. माझा बाप गूळ घिऊन घाट उतरायचा, तवा आणायचा. वल्या गोणपाटात गुंडाळून."

डॉक्टर म्हणाला, मागतील ते द्या. डॉक्टर असं कधी म्हणतात, हे आकारामला ठाऊक होतं. चोवीस तारखेला, सोमवारी, तो पहाटेच चिपळूणच्या एस.टी.त बसला. कुंभार्लीचा घाट उतरला. तिथून गुहागरच्या बाजूला समुद्रकाठी दौलत खारव्याचं गाव. दौलत त्याच्या पलटणीतला. आता गावच्या रापणीचा तांडेल, म्हणजे जाळ्याचा म्होरक्या.

रापण तुम्ही कशाला पाहिली असेल. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणतात, आणि दोन रांगा करून माणसं ते दोर ओढत मागं मागं सरकतात. दोराला ज्याचा हात लागला त्याला माशांचा वाटा मिळतो. मग तो गावचा असो नाहीतर वाटसरू.

आकाराम वाळूत उभा राहून हे पाहत होता. कपाळाला आठ्या.

"नांगरट न्हाई, लागण न्हाई, पाण्याची पाळी न्हाई," तो दौलतला म्हणाला. "नुसतं वढायचं आन् घरला न्यायचं. ह्याला कष्ट म्हणायचं का चोरी?"

"तुमचा ऊस काय कारखान्यात चालत जातो?" दौलत हसला. "बदलला नाय तुम्ही, हवालदार."

"दोन बांगडं इकत दे. जातो मी."

"आज विकत नाय. सोमवती अमावास्या. आजची रापण वाटायची फक्त. हात लावा, वाटा घ्या."

दिवस बुडाला होता. खाऱ्या वाऱ्यात थंडी होती. कुणीतरी पेट्रोमॅक्स पेटवून काठीला टांगली. आकारामनं कोट काढला, बाह्या वर सारल्या. दौलतनं त्याला रांगेच्या मध्ये जागा दाखवली. पण आकारामचं लक्ष रांगेच्या टोकाला गेलं. दोराची शेपटी वाळूत मोकळी पडली होती. तिथं गडीच नव्हता.

आता आकाराम पलटणीत रस्सीखेचीचा शेवटचा गडी. शेवटचा गडी दोर पाठीवरून घेऊन कमरेला वेढा देतो आणि टाचा रोवतो. पुढचे सगळे त्याच्या जिवावर ओढतात. मी शेपटीला असलो की समोरची पलटण नुसतं गवत उपटायची, असं तो सांगायचा. ते खरंही होतं. अशा माणसाला मोकळी शेपटी बघवेना.

"ही कसली तुमची कवायत? शेपटीला गडी न्हाई?"



"हवालदार, मध्ये या," दौलत म्हणाला. "शेपटी आज रिकामी ठेवायची."

"कुणासाठी?"

दौलतनं समुद्राकडं पाहिलं. "गेले ते परत आले नाय, त्यांच्यासाठी. त्यांचा पण हात लागतो. त्यांचा पण वाटा काढतो आम्ही."

"त्यांनी मासं खाल्लं का माशांनी त्यास्नी खाल्लं, तेवढं आदी ठरवा," आकाराम म्हणाला. त्यानं शेपटी उचलली आणि कमरेला वेढा दिला.

सुरुवातीला त्याला मजा आली. जाळं जड होतं. रांग लयीत मागं सरकत होती, ओढ, थांब, ओढ. त्याच्या वेढ्यातून उरलेलं दोराचं टोक मागं वाळूत लोळत होतं.

ते ताठ झालं.

मागून कुणीतरी ओढत होतं. चांगलं ओढत होतं. घाई नाही, हिसका नाही, पुढच्यांच्या लयीत. उशिरा आलेला कुणी असेल, असं आकारामला वाटलं.

"कोण हाय रं? दम हाय गड्या तुज्यात."

उत्तर आलं नाही. पुढच्या माणसानं मात्र मान वळवून पाहिलं... आणि लगेच फिरवली. तो मग पुन्हा वळला नाही. आकारामनंही मागं पाहिलं नाही. शेवटचा गडी मागं बघत नसतो, असं त्यानं स्वतःला बजावलं.

जाळं वर आलं. वाळूवर वाटे पडले. आकारामच्या वाट्याला नुसती तारली आली, बारीक, काट्यांची. त्या दिवशी बांगडे थोडेच मिळाले होते, आणि रिवाजाप्रमाणे ते सगळे एका वेगळ्या ढिगात, पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूवर ठेवले होते.

"ह्यो वाटा कुणाचा?" आकारामनं विचारलं.

"शेपटीचा."

"शेपटीला कोण हुतं?"

 दौलत खालच्या आवाजात म्हणाला, "हवालदार, पाया पडतो. माझ्याकडं एक बांगडा असता तरी दिला असता."

"आईला पायजेत. तिनं अन्न सोडलंय."

"आईला तर नकाच देऊ."

"खुळ्याचा बाजार सगळा," आकाराम म्हणाला. आपली तारली त्यानं त्या ओल्या वाळूवर ओतली आणि बांगडे भिजल्या गोणपाटात गुंडाळले. "घ्या. अदलाबदल केली. मेलेल्यांवर उपकार नको."

त्या रात्री त्याला कुणी घरात घेतलं नाही. तो एस.टी.च्या शेडमध्ये झोपला, आणि सगळ्या कोकणाला शिव्या देत मंगळवारी दुपारी घरी पोचला.

रंगुबाईनं तिखट-मीठ लावून बांगडे तव्यावर टाकले. वास सुटला तशी म्हातारी उठून बसली. आपल्या हातानं काटे काढून तिनं सगळं खाल्लं. बोटं चाटली. आकाराम पायाशी बसून पाहत होता. कितीतरी दिवसांनी तो हसला.

"आन् ते येडे मला भ्या घालत हुते."

"कोण रं?" म्हातारीनं विचारलं.

"कोण न्हाई. नीज तू."

रात्री तो खाटेशेजारी घोंगडं टाकून आडवा झाला. रंगुबाई आत चुलीपाशी निजली होती.

त्याला जाग आली ती आवाजानं. कर्र... खाटेचे पाय फरशीवर घासत होते. त्याच्या मनात पहिला आला तो भूकंप. कोयनेच्या त्या भूकंपापासून या भागात कुणाच्या मनात दुसरं काय येणार? त्यानं खुंटीवरच्या कंदिलाकडं पाहिलं. कंदील हलत नव्हता. फळीवरची भांडी गप्प होती.

खाट मात्र हलत होती.

हातभर सरकली. थांबली. पुन्हा हातभर. दाराकडं.

ओढ... थांब... ओढ.

ती लय त्यानं ओळखली.

दाराला अडसर लावला होता. आता दार उघडं होतं. बाहेर अंगण. अंगणात काळोख. म्हातारी झोपली होती, शांत, तोंड जरासं उघडं. आकारामनं खाटेच्या पुढं उडी घेतली, टाचा उंबऱ्याला लावल्या आणि पाठीनं खाट आत रेटली. दोर दिसत नव्हता. पण कमरेला, जिथं वेढा दिला होता तिथं, आग होत होती.

खाट थांबली. क्षणभरच.

पुन्हा ओढ बसली. उंबऱ्यावरच्या टाचा सुटायला लागल्या. ज्याच्यापुढं अख्खी पलटण गवत उपटायची, तो गडी घसरत होता.

"सोड," तो म्हणाला.

काही नाही.

"सोड तिला. तिला काय ठावं..."

काही नाही. फक्त ओढ. घाई नाही. हिसका नाही.

तेव्हा आकाराम, ज्यानं जन्मात कुणाची गय केली नाही की कुणापुढं गयावया केली नाही, तो काळोखाला म्हणाला, "तिनं न्हाई खाल्लं. म्या खाल्लं. वाटा म्या खाल्ला."



खाट सैल पडली... आणि त्याच्या कमरेला ओढ बसली.

त्यानं दाराची चौकट धरली. दोन्ही हातांनी. ओरडला नाही, आई जागी झाली असती. किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. रस्त्यानं पहिल्या एस.टी.चा हॉर्न वाजला, तेव्हा ओढ थांबली.

रंगुबाई उठून बाहेर आली, तर नवरा उंबऱ्यात पडलेला आणि सासू खाटेवर बसून चहा मागत होती. म्हातारी पुढं चार वर्षं जगली. रोज भाकरी खायची. पोरानं बोलणं का टाकलं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं विचारलं की तो नुसता तिचे पाय चेपायचा.

मला हे त्यानं एकदाच सांगितलं, म्हातारीच्या दहाव्याच्या रात्री. मी विश्वास ठेवला नाही. तुम्हीही ठेवू नका.

एवढंच, की त्या सकाळी अंगणाच्या मधोमध टाचांचे दोन खड्डे होते. आकारामच्या टाचा तर उंबऱ्यावर होत्या. हे खड्डे समोरून, घराकडं तोंड करून रोवलेले. खोल. त्यांत पाणी साचलेलं. रंगुबाईनं मुरूम घातला, वर सारवलं. आठवड्यात ओल वर आली. पुन्हा घातला, पुन्हा आली. यंदाच्या उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरी कोरड्या पडल्या, तरी त्या दोन खड्ड्यांत पाणी होतं.

वैशाखात आमची म्हैस दावं तोडून पळाली. शोधत गेलो, तर ती आकारामच्या अंगणात उभी. मान खाली घालून त्या खड्ड्यांच्या कडा चाटत होती. ओढली, मारली, हलेना.

मीठ घातलेलं असलं की जनावरं चाटतात, तशी चाटत होती.